कार्य अज्ञात

९ जानेवारी

प्रिय ताई,

तुला नमस्कार आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार. तुझं पत्र परवा आलं. पाकिटावरचं अक्षर पाहिलं, ते टेबलावर ठेवलं, चहा केला आणि मग उघडलं. फोनवर तू 'हं' आणि 'बरं'च्या पुढे जात नाहीस. त्यामुळे चार पानं तुझ्या हातची म्हणजे चंगळच झाली. दोनदा वाचलं.

मी बरी आहे. खोकला गेला. खालच्या मजल्यावरचा शिंपी अजून सकाळी सातला मशीन सुरू करतो, त्यामुळे घड्याळाला चावी द्यावी लागत नाही. खिडकीची तडकलेली काच मालकांनी एकदाची बदलली. वजन वाढलंय. तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून आधीच सांगून टाकते.

तू लिहिलंयस, 'तू नक्की करतेस तरी काय ते मला समजेल असं लिही, ठकी सांगते ते सगळं डोक्यावरून जातं.' लिहिते. हवा पोचत नाही अशा जागी, म्हणजे गाळात, दलदलीत, गायीच्या पोटात, काही सूक्ष्मजीव राहतात. आपण श्वास सोडतो तसा ते मिथेन वायू सोडतात. आम्ही त्यांतली एक जात काचेच्या नळ्यांमध्ये पाळतो. तिच्यात साधारण अडीच हजार जनुकं आहेत. जनुक म्हणजे एकेका कामाची लेखी सूचना, असं समज. गंमत अशी, की त्यातल्या जवळजवळ निम्म्या सूचना कशासाठी आहेत हे कुणालाच माहीत नाही. आमच्या यादीत त्यांच्यापुढे दोनच शब्द असतात: कार्य अज्ञात. ते अज्ञात ज्ञात करायचं, हा माझा धंदा. जनुकाचा शेजार बघायचा, दुसऱ्या कुठल्या जिवात त्याच्या तोंडावळ्याचं कुणी सापडतं का बघायचं. आणि शेवटी ते एकच जनुक काढून टाकायचं आणि त्याच्यावाचून काय अडतं ते बघत बसायचं. घरातलं एक माणूस गेलं की मगच कळतं ना, रोज मागच्या दाराची कडी कोण लावत होतं ते. तसं.

हे उदाहरण बरं नाही. पण खोडत नाही, पत्र घाण होतं.

आता ठकीबद्दल. तू म्हणतेस, तिला सहा महिने माझ्याकडे ठेवून घे, तिला हेच शिकायचंय, ज्या वायूने ह्यांना नेलं तोच शिकायचा हट्ट धरलाय पोरीने. ताई, मी दोन दिवस विचार केला. माझी जागा लहान आहे, दीड खोलीत दोन माणसं म्हणजे एकीने श्वास घेतला की दुसरीने सोडायचा. लॅबला कुजका वास असतो, तो केसांतून जात नाही. काम फार सावकाश चालतं, एका नळीत काही दिसायला तीन आठवडे लागतात, आणि ठकीला तर दूध तापेपर्यंतही धीर निघत नाही. तिच्याच कॉलेजात वनस्पतींवर चांगलं काम चालतं असं ऐकलंय. तिथे ताजी हवा तरी असते.

पण तू शेवटी लिहिलंयस, 'तुझ्याशिवाय मी विश्वास टाकू तरी कुणावर?' पाठव तिला. पुढच्या महिन्यात ये म्हणावं. जाड मोजे आणायला सांग, फरशी थंड असते.

आणि तू म्हणतेस, 'ह्यांच्यासारखीच उतावळी आहे, न विचारता पाऊल टाकते, तेवढं लक्ष ठेव.' लक्ष ठेवीन. भाऊजींबद्दल एवढंच म्हणते की ते उतावळे नव्हते. आणखी काही लिहिणार होते, पण कागद संपत आला.

तुझी
धाकटी


२ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या लेकीने माझं घर ताब्यात घेतलंय. चहाचे डबे फडताळात वरून खाली आले, पुस्तकं उंचीप्रमाणे लावली गेली, आणि खालच्या शिंप्याशी बोलून तिने मशीन आठला सुरू करायचं कबूल करून घेतलं. सहा वर्षं मला हे सुचलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "तुझ्या आईने तुला माझ्याकडे शिकायला पाठवलंय की मला शिस्त लावायला?" तर म्हणते, "दोन्ही. तिने यादी दिलीय."

पहिला आठवडा तिचा रडकुंडीला येण्यात गेला. आमच्या जिवांना हवा लागली की ते मरतात, म्हणून सगळं काम एका मोठ्या पारदर्शक पेटीत चालतं. पेटीत प्राणवायू नसतो. बाहेरून दोन जाड रबरी हातमोजे आत गेलेले असतात, त्यांत हात घालून आतल्या वस्तू हाताळायच्या. खांद्यापर्यंत अडकलेली असतेस, नाक खाजलं तरी कुणाला तरी हाक मारावी लागते. नळ्यांत एक रंग घातलेला असतो. हवा शिरली की तो गुलाबी होतो. ठकीने पहिल्या दिवशी बारा नळ्या भरल्या, बाराच्या बारा गुलाबी. तिने रागाने मोजे उलटे केले. दुसऱ्या दिवशी नऊ. काल एकही नाही. संध्याकाळी घरी येताना ती गाणं म्हणत होती. तिला गाता येत नाही, पण तू हे तिला सांगू नकोस.

तिला मी एक जनुक दिलंय. त्याच्यापुढे 'कार्य अज्ञात' असं नाही. यादीत लिहिलंय की ते गंधक वाहून नेण्याचं काम करतं. सगळ्या याद्यांत तेच लिहिलंय. मला कधीपासून वाटत होतं की एकदा नीट तपासून बघावं. आमच्या धंद्यातला पहिला नियम मी तिला शिकवला: पुरावा नसेल तर 'अज्ञात' लिहायला लाजायचं नाही, पण चुकीचं काम कुणाच्या नावावर चढवायचं नाही. तिने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, खाली रेघ मारून.

सगळ्यांची लाडकी झालीय. विशेषतः आमच्या सिलिंडरबाईंची. त्या वायूंचे सिलिंडर बदलतात, नळ्या निर्जंतुक करतात, आणि आमच्यापैकी कुणी उपाशी असलं तर त्यांना वासाने कळतं. परवा त्या दोघी काचसामान धूत होत्या. ठकी वडिलांबद्दल काही सांगत होती, की ते म्हणायचे, मावशीच्या नळीतले जंतू आणि माझ्या गोबरगॅसच्या टाकीतले जंतू चुलत भाऊ, पण माझे जास्त कष्टाळू. सिलिंडरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आवाज ऐकलाय मी त्यांचा. मोठा गोड माणूस. एकदा सकाळी अकराला बाईंचे हात पेटीत होते, तर फोन मीच धरला होता त्यांच्या कानाशी." मग म्हणाल्या, त्याच दिवशी दुपारी बाई घाईघाईने रजेवर गेल्या होत्या.

जेवताना ठकीने मला विचारलं, "मावशी, त्या दिवशी बाबांनी तुला फोन केला होता?"

मी म्हटलं, "केला असेल. खुशालीचा."

"कामावरून? सकाळी अकराला?"

मी म्हटलं, "भात गार होतोय."

असो. तिचा जुना स्वेटर पाठव, इथे अजून थंडी आहे. तुझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेला व्यायाम करतेस का? ठकी म्हणते, करत नाहीस, नुसती त्या कागदाकडे बघतेस. मीही तशीच. कागदाकडे बघत बसायची खोड आपल्या घरातच असावी.

तुझी
धाकटी


२१ एप्रिल

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी बस. शेजारच्या काकूंना बोलावून घेतलंस तरी चालेल, पण वाच मात्र तू एकटीच.

ठकी बरी आहे. हे सर्वांत आधी लिहायला हवं होतं. ती बरी आहे, पण ती आता माझ्याकडे राहत नाही. काल मुलींच्या वसतिगृहात गेली. सिलिंडरबाईंनी खोली मिळवून दिली. मी तिला घालवलं नाही, ती गेली. का गेली ते सांगायला मला तिने आठ दिवस दिलेत. म्हणाली, "आईला मी सांगणार नाही. तू सांगायचंस. आठ दिवसांत सांगितलं नाहीस तर मग मी सांगेन." त्यातला आज दुसरा दिवस आहे. काल दिवसभर मी पाच वेळा 'प्रिय ताई' लिहिलं आणि पाच कागद फाडले. आज नुसतं 'ताई' लिहिलंय.

परवा काय झालं ते आधी सांगते. ठकीच्या जनुकाचा निकाल लागला. ते काढून टाकलेले जीव गंधकाच्या बाबतीत अगदी धडधाकट निघाले. त्यांना अडलं ते दुसरंच. थोडी हवा आत सोडली की मूळचे जीव आजारी पडतात पण सावरतात. हे जनुक नसलेले सावरत नाहीत, मरतात. म्हणजे हवेचा घाव भरून काढण्याचं काम ते करत होतं. तिने एकाच वेळी तीन वेगळे संच लावले होते, तिन्हींत तेच. मग ती जुन्या याद्या उकरत बसली. गंधकाचं हे काम पहिल्यांदा कुणी लिहिलं? वीस वर्षांपूर्वी एकाने, दुरून सारखेपणा दिसला म्हणून, प्रयोग न करता. पुढच्या प्रत्येकाने ते उतरवून घेतलं. तिने माझ्या टेबलावर सगळे कागद पसरले. म्हणाली, "बघ ना मावशी. एकाने न विचारता लिहिलं आणि सगळे तेच म्हणत राहिले. खरं काय ते ठाऊक असलेलं कुणीच नव्हतं, म्हणून ते खोडायलाही कुणी नव्हतं."

ती आनंदात होती गं. मी तिला शाबासकी द्यायला हवी होती. मला दिसत होता तो भाऊजींच्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल. तुझ्या बाहेरच्या खोलीत त्या साहेबांनी उभ्याने वाचून दाखवलेला. 'कुणाचाही सल्ला न घेता, केवळ स्वतःच्या जबाबदारीवर टाकीत उतरले.' तू तेव्हा भिंतीला टेकून बसली होतीस. मी तुझ्या शेजारी होते. खरं काय ते ठाऊक असलेलं माणूस त्या खोलीत होतं.

भाऊजींनी सल्ला घेतला होता. माझा.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी त्यांच्या गोबरगॅस केंद्राच्या कचेरीतल्या फोनवरून मला फोन केला. म्हणून त्यांच्या मोबाइलमध्ये ते कुणाला सापडलं नाही. माझे दोन्ही हात पेटीत होते. सिलिंडरबाईंनी फोन कानाला लावला. जे बोलणं झालं ते मी तीन वर्षं रोज ऐकते आहे, त्यामुळे एक शब्दही इकडचा तिकडे होणार नाही.

ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमचे किडे काय म्हणतात?"

मी म्हटलं, "काम करू देत नाहीत. बोला भाऊजी."

"एक शंका होती. टाकी उपसून दोन दिवस झाकण उघडं ठेवलंय. आत मिथेन राहिला असेल का? विषारी असतो का तो?"

"विषारी नाही हो. हवेपेक्षा हलका असतो, कधीच उडून गेला असेल."

"मग तळाशी काही नाही ना?"

"काही नाही. नंतर बोलू का? हात अडकलेत माझे."

ते हसले. म्हणाले, "आधी तुमचे किडे. नंतर बोलू."

एवढंच. मिनिटभरसुद्धा नाही.

ताई, मिथेन विषारी नसतो हे खरं आहे. तो हलका असतो हेही खरं आहे. पण तळाशी गाळ असतो, आणि गाळात दुसरा वायू अडकून राहतो. कुजक्या अंड्यांचा वास येतो तो. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला की तो आधी नाकच मारतो, मग माणूस. तो जड असतो, उघड्या झाकणातून जात नाही. गाळ ढवळला की उसळतो. टाकीत उतरायचं तर वायू मोजायचं यंत्र हवं, कमरेला दोर हवा, वर दोर धरणारा माणूस हवा. हे मला माहीत होतं. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला हे मी पहिल्या दिवशी शिकवते. त्या दिवशी मला फक्त एवढंच विचारायचं होतं, 'का विचारताय भाऊजी?' तीन शब्द. मग ते म्हणाले असते, ढवळायचं पातं अडकलंय, मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, फिटरला खाली पाठवायच्या आधी मी बघून येतो. आणि मी ओरडले असते.

मी विचारलं नाही. माझ्या नळ्या गुलाबी होतील याची मला काळजी होती.

दीडला तुझा फोन आला.

आता जे लिहायचं आहे ते याहून वाईट आहे. चूक माणसाच्या हातून होते, असं तू कदाचित म्हणशील. तू तशी आहेस. पण पुढचं जे मी केलं ते चुकून केलं नाही. त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात फरशीवर बसून सारखं म्हणत होतीस, "असे कसे उतरले हे? कुणाला विचारलं तरी होतं का ह्यांनी?" तू माझ्याकडे बघून विचारलंस. मी म्हटलं, "ताई, पाणी पी." पेला तुझ्या हातात दिला. तू प्यायलीस.

मग अहवाल आला. मग तू लोकांना सांगायला लागलीस, हट्टी होते, कुणाचं ऐकायचे नाहीत. मग तू ठकीला प्रत्येक गोष्टीत सांगायला लागलीस, बाबांसारखी घाई करू नकोस. त्यांचे कपडे तू दीड महिन्यात देऊन टाकलेस, तेव्हा मी तुला पिशव्या भरायला मदत केली. त्यांचं नाव निघालं की तू उठून जायचीस. मला वाटायचं, दुःखाने जाते. ते दुःख नव्हतं, राग होता, हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी गप्प राहिले. कारण तो राग त्यांच्यावर होता तोवर माझ्यावर येत नव्हता. हे लिहिताना मला माझीच किळस येते, पण ते तसंच होतं. ज्या माणसाने मला बहिणीसारखं वागवलं, माझी शिक्षणाची पहिली तीन वर्षं तुमच्या घरात काढू दिली, त्याच्या माथ्यावर मी माझा निष्काळजीपणा चढवून दिला आणि तो उत्तर द्यायला नव्हता.

ठकीला मी सगळं सांगितलं. टेबलावर तिचे कागद पसरलेले होते, त्यांच्याच कडेला उभी राहून. तिने वही उघडली. शेवटी म्हणाली, "बाबांचे शब्द पुन्हा सांग. जसेच्या तसे." मी सांगितले. तिने ते वहीत उतरवून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे बाबांनी विचारलं होतं." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशी. मग तिने कागद गोळा केले, पेटीतल्या तिच्या नळ्या नीट उबवणीच्या कपाटात ठेवल्या, आणि घरी जाऊन बॅग भरली. जाताना चहाचे डबे पुन्हा वरच्या फळीवर ठेवून गेली.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायचं माझं तोंड नाही. एवढंच म्हणते की हे पत्र वाचून झाल्यावर माझ्यावर रागव, पण त्यांच्यावरचा राग सोडून दे. त्यांना ठाऊक असलेल्या माणसांत त्या विषयातलं सर्वांत जास्त कळणारी मीच होते. त्यांनी नेमकं जिथे विचारायला हवं तिथेच विचारलं होतं.

धाकटी


१० जून

ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. 'तीन वर्षं तू मला ह्यांच्यावर रागवू दिलंस. ह्यांच्यासाठी मी एकदाही नीट रडले नाही. ठकीला तिथलं काम पुरं करू दे.' खाली नाव नव्हतं.

मी त्यावर लगेच लिहिलं नाही. दोन कामं राहिली होती, ती आधी केली.

पहिलं, त्या चौकशीच्या कचेरीत गेले. तिथले कारकून म्हणाले, प्रकरण बंद झालंय, आता कशाला उकरता? मी म्हटलं, मला माझा जबाब द्यायचाय, तुम्ही घेणार नसाल तर मी इथेच बसते. बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, यात तुमचंच नुकसान आहे. लोक बोलतील. नोकरीवरही येईल कदाचित." मी म्हटलं, "लिहून घ्या." सिलिंडरबाई साक्षीला आल्या होत्या. त्यांनी खाली सही केली. बाहेर जिन्यावर म्हणाल्या, "फोन मी धरला होता, बाई. मला सांगितलं असतं तर मीही तो भार घेतला असता."

अहवाल बदलत नाहीत, पण त्याला पुरवणी जोडता येते. यंत्राशिवाय उतरले, हे वाक्य तसंच राहील, कारण ते खरं आहे. 'कुणाचाही सल्ला न घेता' हे शब्द पुरवणीत रद्द केले. त्याऐवजी लिहिलंय की उतरण्याआधी त्यांनी माहीतगार व्यक्तीला फोनवरून विचारणा केली होती व त्यांना अपुरी आणि चुकीची माहिती देण्यात आली. शिक्का मारलेली प्रत सोबत जोडते आहे. ती तुझी आहे. ठकीला दाखव, शेजारच्या काकूंना दाखव, ज्यांच्या ज्यांच्यापाशी तू त्यांना हट्टी म्हणालीस त्या सगळ्यांना दाखव.

दुसरं, मी आमच्या विभागात सांगितलं. सगळ्यांसमोर, सोमवारच्या बैठकीत. नव्या मुलांना सुरक्षेचे नियम शिकवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं जाईल असं वाटलं होतं. प्रमुख म्हणाले, तुम्हीच शिकवा. आता दर वेळी तो दिवस मी मुलांना सांगते. सवय होईल असं वाटलं होतं, होत नाही.

ठकीबद्दल. ती वेळेवर येते, वेळेवर जाते. मला मावशी म्हणत नाही, 'बाई' म्हणते, बाकीच्यांसारखी. कामाचं विचारते, कामाचं सांगते. तिच्या जनुकावरच्या निबंधावर तिचं नाव पहिलं असेल. मी तो तपासला, स्वल्पविरामसुद्धा चुकलेला नाही. परवा दुपारी ती पेटीशी हात अडकवून उभी होती आणि तिचा फोन वाजला. मी जवळ होते. तिने माझ्याकडे बघितलं. मी फोन तिच्या कानाला धरला.

तू होतीस.

मी ऐकायचं नाही असं ठरवून तोंड फिरवलं, पण हात कानाशीच होता, आवाज येणारच. तू त्यांच्याबद्दल बोलत होतीस. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तुम्ही दोघं चुकीच्या गाडीत बसलात आणि तीन तासांनी भलत्याच गावात उतरलात, आणि तिकीट तपासणाऱ्याशी त्यांनी अशी काही मैत्री केली की त्याने तुम्हाला स्वतःच्या डब्यातलं जेवण दिलं. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. ठकीनेही नसावी. तू मधेच हसलीस, मग रडत राहिलीस. ठकीही रडत होती. तिचे हात आत होते, डोळे पुसायला मोकळे नव्हते. मला ते पुसता आले असते. मी पुसले नाहीत. माझा तो हक्क नाही असं वाटलं.

पाऊण तास तुम्ही बोलत होतात. माझा हात भरून आला, पण मी फोन हलवला नाही. शेवटी तू विचारलंस, "फोन कुणी धरलाय गं?" ठकी म्हणाली, "इथल्या एका बाईंनी."

तू 'बरं' म्हणालीस.

तू मला पुन्हा पत्र लिहावंस असं मी म्हणणार नाही. मी मात्र लिहीत जाईन, ठकीच्या कामाचं, तिच्या तब्येतीचं. वाचायची नसली तर पाकिटं तशीच ठेव. गुडघ्यांची काळजी घे.

त्यांनी जिला विचारलं होतं ती,
तुझी धाकटी बहीण